रविवारचा लाल ग्लास

मालिनीच्या घरी रविवारी अकराच्या सुमाराला कुणी गेलं, की बसायच्या आधी हातात ग्लास. चहा नाही, सरबत नाही. लालभडक, थंडगार, काठाला मीठ-तिखट लावलेला टोमॅटोचा ग्लास. नको म्हणायची सोय नाही. कुणी म्हणालंच, "वहिनी, सकाळी सकाळी टोमॅटो?" तर उत्तर तयार, "सकाळ कसली? अकरा वाजले. प्या गुमान." पाहुणा भीत भीत एक घोट घ्यायचा, डोळे गच्च मिटायचा, ओठांवरचं मीठ चाटायचा आणि मग निवांत टेकून बसायचा. दुसरा ग्लास तर तो स्वतःच मागायचा.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर मालिनी, तिचा नवरा प्रमोद आणि लेक राजसी, असं तिघांचं घर. मालिनी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला. शिवलेली पँट उलटी-सुलटी करून बघायची, सुटलेले धागे कापायचे, वाकडी शिवण दिसली की कारागिराच्या अंगावर फेकायची. नजर अशी तिखट, की कारागीर तिला मागून "मॅडम एक्स-रे" म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रमोद एमआयडीसीतल्या कंपनीत मशीनवर. माणूस मोजकं बोलणारा, पण जे बोलेल ते असं की समोरच्याला दोन मिनिटांनी हसू यावं.

आता हा ग्लास घरात आला कसा, ते ऐका. ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

राजसी लहान होती तेव्हा प्रमोद प्यायचा. आणि प्यायचा म्हणजे काय, आठवडाभर माणूस सोन्यासारखा. वेळेवर कामाला, वेळेवर घरी. पण रविवार उजाडला, की अकराच्या आसपास त्याच्या अंगात कुणी शिरल्यासारखं व्हायचं. पेपर चाळायचा, खाली ठेवायचा, खिडकीत जायचा, परत यायचा. मग "जरा जाऊन येतो" म्हणून चप्पल घालायचा. कंपनीतला त्याचा जोडीदार हरिचंद्र, बदलापूर गावचा, बाइक घेऊन नाक्यावर उभाच असायचा. "जरा" म्हणजे किती, हे मालिनीला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. मटण शिजून गार व्हायचं, पोर वाट बघून झोपी जायची आणि दिवेलागणीला दोन माणसं प्रमोदला उचलून आणायची. विहारात वंदनेला सगळे पंचशील म्हणायचे तेव्हा दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला प्रमोदचा आवाज खाली जायचा. शेजारी उभ्या असलेल्या मालिनीला ते ऐकू यायचं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका रविवारी ती बाइक वळणावर घसरली. हरिचंद्राच्या पायात सळी बसली. प्रमोदला साधं खरचटलंही नाही. दवाखान्यात मालिनी हरिचंद्राच्या खाटेपाशी जाऊन म्हणाली, "भाऊजी, बरे व्हा. पण आमच्या घरावर तुमची सावली पडू देऊ नका." केवढं बोलली ती! माणूस पाय बांधून पडलेला, आणि ही असं बोलते. पण जिचं जळतं तिला कळतं. हरिचंद्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि पुढे पायापायी त्याची कंपनीही सुटली.

प्रमोदनं त्या दिवसापासून सोडली. सोडली म्हणायला एक शब्द, पण सोडणं काय असतं ते त्या घरानं बघितलं. दवाखाना झाला, दारू सोडलेल्यांच्या मिटिंगा झाल्या, हात थरथरणं झालं. सोमवार ते शनिवार कसेही जायचे. रविवार यायचा आणि अकरा वाजले की माणूस पुन्हा खिडकीत.

मालिनीच्या कारखान्याची मालकीण लाजवंती भाभी. सिंधी बाई, वजनदार, पण मन लोण्याचं. शनिवारी अर्धा दिवस काम चालायचं तेव्हा बायकांसाठी घरून टोमॅटोची कढी आणि भात आणायची. तिनं एका शनिवारी मालिनीचा उतरलेला चेहरा बघून सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, "माल्नी, तू पूरा हफ्ता क्यूँ लडती है? खाली संडे को पकड. ग्यारा बजे उसके हाथ में ग्लास चाहिए ना? तो तू दे ग्लास."

मालिनीला पहिल्यांदा रागच आला. पण घरी येताना तिनं एक किलो टोमॅटो घेतले. गॅसवर भाजले, सालं काढली, मिरची-आलं घालून मिक्सरला फिरवले. भाभीच्या कढीसारखे चार मेथीदाणे आणि कढीपत्ता घालून उकळी काढली, गाळून गार केलं. काळं मीठ, मिरपूड, आमसुलाचं पाणी घातलं. कैरीवाला लावतो तसं ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून मीठ-तिखट लावलं आणि वर कढीपत्त्याची एक काडी खोचली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रमोद खिडकीत गेला तेव्हा मागून त्याच्या हातात ग्लास दिला. त्यानं घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, मिरची जरा जास्तच झाली होती. "बाई," तो म्हणाला, "हे प्यायल्यावर माणसाला दुसरं काही प्यायची हिंमतच व्हायची नाही." पण ग्लास संपवला, आणि चप्पल घातली नाही.

तेव्हापासून तो ग्लास सुरू. बाहेर "ब्रंच" म्हणून आता जे निघालंय, नाश्ता पण नाही आणि जेवण पण नाही असलं मधलंच काहीतरी, ते मालिनीच्या घरी केव्हापासून चालू होतं. अकराला लाल ग्लास, सोबत भाकरी, उकडलेली अंडी, कधी सुकटीची चटणी. आणि गंमत अशी, की ज्या घराला पूर्वी रविवार नकोसा व्हायचा, त्या घरात आता शेजारपाजारचे रविवारची वाट बघायला लागले.

पण मालिनीची पहाऱ्याची सवय काही सुटली नाही. लग्न असो, साखरपुडा असो, जयंतीची पंगत असो, प्रमोदच्या हातात कुणी काही प्यायला दिलं की मालिनी कुठूनही येणार, ग्लास काढून घेणार, नाकाशी धरणार आणि मग परत देणार. ताक असलं तरी. पाणी असलं तरी! लोक हसायचे. भावकीत तिचं नाव "एक्साइजवाल्या वहिनी" पडलं होतं. प्रमोद बिचारा कधी चिडला नाही. ती येताना दिसली की स्वतःच ग्लास पुढे करायचा, "तपासा साहेब." राजसीला मात्र लाज वाटायची. "आई, पुरे झालं आता, बाबांना लहान पोरासारखं करतेस तू." मालिनी म्हणायची, "तू लहान होतीस, तुला काय माहीत." आणि विषय संपायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, एका रविवारी दारावर बेल वाजली. दारात हरिचंद्र, एका पायानं जरा लंगडत, आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा भूपेश. हातात पत्रिका.

मालिनी दारातच थिजली. आत ये म्हणावं की नको? हरिचंद्र म्हणाला, "वहिनी, सावली पडली. माफ करा. आमंत्रन द्यायला आलूय, देतू आन जातू." आता असं कुणी बोलल्यावर माणूस काय करणार? मालिनी बाजूला झाली. प्रमोद उठून पुढे आला. दोघं जोडीदार किती वेळ नुसते एकमेकांचे दंड धरून उभे होते.

भूपेश हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेला. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत काम केलेलं. आता गावाकडे जमिनी विकून उरलेल्या जागेत बापलेकांनी एक छोटं रिसॉर्ट काढलं होतं. आंब्याच्या झाडांखाली टेबलं, मागे चार खोल्या, आणि भूपेशची हौस म्हणून दर रविवारी ब्रंच. उद्घाटन येत्या रविवारी. रीतीप्रमाणे मालिनीनं दोघांच्या हातात लाल ग्लास दिला. भूपेशनं एक घोट घेतला आणि ताठ बसला.

"काकू! हे काय आहे?"

"टोमॅटो आहे. दिसत नाही?"

"अहो काकू, मोठ्या हॉटेलात संडेला हेच मागतात लोक. ब्लडी मेरी म्हणतात त्याला."

"शिवी देतोस काय रे माझ्या घरात बसून?"

भूपेश पोट धरून हसला. म्हणाला, "नावच आहे तसं. बेस हाच, टोमॅटोचा. पण त्यांच्यात ही मजा नाही, हा कढीपत्ता, हे आमसूल... ते लोक सेलरी नावाच्या भाजीची दांडी टाकतात, सॉस टाकतात, आणि एक..." बोलता बोलता त्याची नजर प्रमोदकाकांवर गेली आणि त्यानं वाक्य गिळलं. मालिनीला वाटलं, असेल काहीतरी महागातलं. पोरगा पुढे म्हणाला, "काकू, मला द्या ना रेसिपी. तुमचं नाव लावतो मेन्यूवर. आईशप्पथ."

अहो, ज्या बाईच्या आयुष्यात शाबासकी म्हणून कधी काही आलंच नाही, तिला कुणी म्हणावं तुझं नाव लावतो! मालिनीनं सगळं सांगितलं. मेथी किती, उकळी किती, मिरची कधी. वर बजावलं, "आणि कढीपत्त्याची काडी विसरू नकोस. ती नसेल तर तो माझा ग्लास नाही." भूपेशनं मोबाइलमध्ये सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

तो आठवडा मालिनी जमिनीवर नव्हती. कारखान्यात बायकांना सांगून झालं, भाभीला सांगून झालं. भाभी म्हणाली, "मेरी कढी का नाम भी लगवा." रविवारी सकाळी राजसीनं आईला नवी साडी नेसवली. राजसीला सुट्टीच्या दिवशीही ऑफिस होतं, म्हणून नवरा-बायको दोघंच रिक्षा करून बदलापूर गावात गेले.

रिसॉर्ट छान सजवलं होतं. झेंडूची तोरणं, केळीचे खांब, एका बाजूला तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला अंडी, खिमा, वडे. आणि झाडाखाली लांबलचक काउंटर, त्यावर बाटल्या. त्या बाटल्या बघून मालिनीनं प्रमोदला अगदी टोकाच्या टेबलावर नेऊन बसवलं. वेटरनं आणलेलं पाणी हुंगून दिलं. प्रमोद म्हणाला, "पास झालं का?" ती म्हणाली, "झालं. प्या."

भूपेश पोरगा चांगला. त्यानं काकांचा विचार केला नव्हता असं नाही. त्यानं काचेचे दोन जग भरून ठेवले होते. एकात नुसता काकूंचा टोमॅटो, त्याच्या ग्लासावर लिंबाची चकती. दुसऱ्यात तोच, पण व्होडका घातलेला, आणि मेन्यूवर नाव याला म्हणून कढीपत्त्याची काडीही यालाच. म्हणजे ओळखायला सोपं. वेटरला बजावलंही होतं, की काका-काकूंना लिंबाचा. पण बघा, मालिनीला कोण सांगणार? आणि सांगायला तो पुढे येणार तेवढ्यात माइक बंद पडला, म्हणून तो तिकडे पळाला.

माइक चालू झाला. भूपेश बोलायला लागला. गावचे लोक, उल्हासनगरचे व्यापारी, बदलापूरच्या नव्या सोसायट्यांतली कुटुंबं, सगळे गप्प झाले. "आजच्या ब्रंचचं खास ड्रिंक," तो म्हणाला, "अंबरनाथच्या आमच्या मालिनीकाकूंनी दिलंय. त्याचं नाव आम्ही ठेवलंय, मालिनी मेरी!" टाळ्या पडल्या. मालिनीला उभं राहावं लागलं. पदर सावरू की हात जोडू, तिला कळेना. "पहिला ग्लास काकूंच्या हातून काकांना!" भूपेश ओरडला, आणि वेटर तिच्यासमोर ट्रे घेऊन उभा राहिला.

ट्रेमध्ये दोन्ही प्रकारचे ग्लास. वेटर लिंबाच्या ग्लासाकडे हात करून म्हणाला, "मॅडम, ये आपका."

मालिनीनं बघितलं. लिंबाची चकती! आणि शेजारीच कढीपत्त्याची हिरवीगार काडी खोचलेला ग्लास, अगदी तिनं सांगितला होता तसा. ती ठसक्यात म्हणाली, "अरे, माझा कुठला ते मला शिकवतोस? लिंबूवाला माझा नाही. हा माझा." तिनं कढीपत्त्याचे दोन ग्लास उचलले, एक आपल्याला ठेवला आणि एक प्रमोदच्या हातात दिला. हुंगला का? नाही. आपल्या हातची भाजी कुणी हुंगून खातं का? सगळ्या जगाचं ताक हुंगणारी बाई, त्या दिवशी तिच्या मनातही आलं नाही. लोक फोटो काढत होते. प्रमोदनं ग्लास तोंडाला लावला. मालिनी हसत हसत कॅमेऱ्यांकडे वळली.

मग तिनं आपला घोट घेतला.

टोमॅटो होता, मेथी होती, आमसूल होतं. आणि त्याच्याखाली ते दुसरं. तिनं जन्मात दारू चाखली नव्हती, पण तो जाळ, तो वास... किती रविवार तो वास तिच्या उशीशी झोपला होता. तिनं वळून बघितलं.

प्रमोदचा ग्लास टेबलावर होता. रिकामा. आणि प्रमोद खुर्चीत नव्हता.

तो हिरवळीवरून चालत निघाला होता. सरळ काउंटरकडे. तिथे हरिचंद्र आपल्या चार मित्रांत बसला होता, त्यानं हात वर केला. "परम्या! इकरं ये रं!" प्रमोद तिकडेच गेला.

मालिनी अर्धवट उठली आणि परत खुर्चीत बसली. अगं बाई गं. हे काय केलंस? दुसऱ्या कुणी दिला असता तर त्याचा गळा धरला असता, इथे कुणाचा धरायचा? तिच्याच हातानं. तिच्याच नावाचा. ज्या ग्लासानं माणूस चौकटीच्या आत राहिला, तोच ग्लास हिनं वर काडी खोचून, फोटो काढून त्याच्या ओठाला लावला! शेजारच्या टेबलावरची एक बाई वाकून म्हणाली, "काकू, काय सुंदर झालंय हो, मी तर दुसरा घेतला." मालिनीनं नुसती मान हलवली. काउंटरवाला प्रमोदशी काहीतरी बोलत होता. प्रमोदनं काउंटरवरच्या काचेच्या जगाकडे बोट दाखवलं. काउंटरवाल्यानं ग्लास भरला. लाल. हे तिनं लांबून, डोळ्यांनी बघितलं. आता परत ती खिडकी, परत ती चप्पल, परत ते उचलून आणणं. तिला वाटलं, इथेच बसल्या जागी आपला जीव जाईल तर बरं.

प्रमोद ग्लास घेऊन परत आला. पावलं सरळ होती. खुर्ची ओढून समोर बसला आणि ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"घे. लिंबाचा आहे. लिंबाचा म्हणजे बिनदारूचा. दोनदा विचारून आणलाय. चूळ भरल्यासारखा पी, तुला सवय नाही, तोंड कडू झालं असेल."

मालिनीला काही कळेना. "तुम्ही... तुमचा ग्लास..."

प्रमोदनं हळूच टेबलाच्या बाजूला बघितलं. तिथे झेंडूची कुंडी होती आणि तिची माती लालसर ओली झाली होती. "एक घोट तोंडात गेला. लगेच कळलं. थोडा पोटात गेला असेल, बाकीचा रुमालात आणि ग्लास कुंडीत. झेंडूला जरा जास्त होईल आज."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"काय बोलू? माइकवर तुझं नाव चाललंय, माणसं टाळ्या वाजवतायत. तुला अशी हसताना मी कधी बघितलं होतं? त्यात मी ओरडू, थांबा, दारू आहे म्हणून? तुझं तोंड एवढंसं झालं असतं."

मालिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नव्या साडीचा पदर तिनं तोंडाला लावला. "मी दिला हो. माझ्या हातानं दिला."

"दिलास तर दिलास. मी प्यायलो तर ना."

तरी तिचं मन मानेना. मॅडम एक्स-रे ती. पदर बाजूला करून तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "खरं सांगा. इच्छा झाली?"

प्रमोदनं ओल्या कुंडीकडे बघितलं. मग म्हणाला, "झाली. खोटं कशाला बोलू? झाली, आणि गेली. दर रविवारी थोडी होते."

"दर रविवारी? अजून?"

"अजून."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तू घाबरली असतीस. आधीच तू पाणी हुंगतेस." तो हसला, आणि मग हसणं बाजूला ठेवून म्हणाला, "मालिनी, तुला वाटतं तू मला धरून ठेवलंयस, म्हणून मी उभा आहे. तू धरलंस, कबूल. नसतं धरलंस तर मी कधीच गेलो असतो. पण आता मी माझ्या पायावर पण उभा आहे गं. रविवारचं अर्धं काम तुझा ग्लास करतो, अर्धं मी करतो. तू मात्र मोकळी हो आता. माझं सुटलं, तुझं सुटायचं राहिलंय."

मालिनीला वाटलं, कुणीतरी डोक्यावरून भरलेला हंडा उतरवून घेतला. इतकी वर्षं तो डोक्यावर होता आणि मान दुखते हेही तिला कळलं नव्हतं. ती रडली, मग हसली, मग प्रमोदच्या दंडावर एक चापट मारली, "दर रविवारी होते म्हणे! आणि मेला तोंडातून शब्द काढत नाही!" प्रमोद म्हणाला, "मारा साहेब."

तेवढ्यात भूपेश धावत आला. वेटरनं त्याला सांगितलं होतं. चेहरा पांढराफटक, हात जोडलेले. मागून हरिचंद्र लंगडत आला. "वहिनी," एवढंच तो म्हणाला आणि त्यानंही हात जोडले. मालिनीनं डोळे पुसले. "भाऊजी, बसा. काही झालं नाही. तुमचा जोडीदार शहाणा निघाला." मग ती भूपेशकडे वळली, आणि आवाज कारखान्यातला लागला. "आणि तू रे! माझ्या नावानं दारू विकतोस? ते नाव आधी काढ तिथून. लिंबाच्या ग्लासाला माझं नाव लाव, आणि कढीपत्त्याची काडी त्याला खोच. दारूच्याला लिंबू लाव नाहीतर कांदा लाव, मला काय करायचंय." भूपेश म्हणाला, "हो काकू, आत्ता काकू," आणि तसाच काउंटरकडे पळाला. हरिचंद्र खो खो हसत सुटला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग तो तिथेच बसला, त्यांच्याच टेबलावर. जेवण होईपर्यंत उठला नाही, आणि समोर त्यानंही लिंबाचाच ग्लास ठेवला.

मालिनी जेवली म्हणजे किती जेवली! तांदळाच्या भाकऱ्या, खिमा, वडे, परत खिमा. प्रमोद आणि हरिचंद्र कंपनीतल्या जुन्या फोरमनच्या गोष्टी काढून हसत होते, आणि कोण काय पितंय ते बघायला तिनं एकदाही मान वळवली नाही. कुणीतरी प्रमोदला ताक आणून दिलं. प्रमोदनं सवयीनं ते तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "मला कशाला? तुम्हाला दिलंय ना, प्या की." आणि भाकरीचा तुकडा खिम्यात बुडवला.

दुपारी उन्हं कलायच्या आधी ते रिक्षानं परत निघाले. बदलापूर मागे पडलं, आणि मालिनीची मान डुलायला लागली. थोड्या वेळानं तिचं डोकं प्रमोदच्या खांद्यावर टेकलं, तोंड अर्धवट उघडं, बारीक घोरणं सुरू. प्रमोद हलला नाही. लग्न झाल्यापासून ही बाई त्याच्याआधी कधी झोपली नव्हती. प्यायचा तेव्हा तो येईपर्यंत जागी, सोडल्यावर त्याचा डोळा लागेपर्यंत जागी. तिला झोपलेलं त्यानं बघितलंच नव्हतं, आज भर दुपारी पहिल्यांदा बघत होता.

शिवमंदिराचा रस्ता आला, बिल्डिंग आली. रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आरशातून बघत म्हणाला, "काका, आलं. काकींना उठवा."

"नको," प्रमोद हळू आवाजात म्हणाला. "पुढून वळव, आणि अजून एक चक्कर मार."

रिक्षावाल्यानं मागे वळून दोघांकडे बघितलं, गाणं बंद केलं आणि रिक्षा पुढे घेतली.